टिवळा दम घेत नाही

गोटीराम घरतांना पाव कोसावरच्या पाखराच्या पायातलं कडं दिसतं, अशी बोलवा उरणपासून खारघरच्या टॉवरांपर्यंत पसरली होती. दुर्बिणीला त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नाही, हे तर सगळ्यांनी पाहिलेलंच होतं. त्यात प्रत्येकाने आपापल्या पदरचं मीठ घातलं. कोणी म्हणे, म्हातारा रोज माशांचे डोळे वेगळे काढून खातो. कोणी म्हणे, चाळीस वर्षं मिठागरात काढली, पांढऱ्या मिठावरचं ऊन पिऊन पिऊन नजर तशी झाली. पक्षी बघायला येणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं होतं की अशी नजर लाखात एकाची असते आणि डॉक्टर लोकांत तिला काहीतरी मोठं नाव आहे. त्याखाली सत्तावीस जणांनी हात जोडले होते.

खरी गोष्ट एवढीच होती की गोटीरामांना दिसत नव्हतं.

म्हणजे मिट्ट काळोख नव्हता. उजाडलं की नाही ते कळायचं. समोर काहीतरी उभं आहे हेही कळायचं; पण ते काहीतरी माणूस आहे की म्हैस, हे ते बोलल्यावर ठरायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आढीत आंबे घालावेत तसे चार वर्षं पिकत घातलेले. आणि ही गोष्ट साऱ्या गावात कोणालाही ठाऊक नव्हती. निदान गोटीरामांची तशी समजूत होती.

ती समजूत मोडली मनस्वीने. मनस्वी ही गोटीरामांच्या थोरल्या भावाची नात, नववीतली, शाळा दुपारची. या पोरीच्या गळ्यात अख्खं गाव भाड्याने राहत होतं. हळदीतला डीजेवाला गाणं लावण्याआधी माइकवर कसा खोकतो, बँकेच्या दारातला वॉचमन साहेबलोकांशी कसा आणि गाववाल्यांशी कसा बोलतो, मुख्याध्यापक ‘शांतता’ म्हणताना शेवटचा ‘ता’ कुठवर ओढत नेतात, सगळा माल तिच्याकडे तयार. एकदा तिने आतल्या खोलीतून बापाच्या आवाजात स्वतःलाच सहलीला जायची परवानगी दिली होती आणि आईने निमूट डबा भरून दिला होता. बाप त्या वेळी कामावर होता.

गावातली माणसं संपली तशी ती पाखरांकडे वळली. दिवाळीपासून ती गोटी आजाबरोबर सकाळी बांधावर जाऊ लागली, ती पक्षी बघायला नव्हे, त्यांचे आवाज उचलायला.

हा बांध नय खाडीला मिळते तिथला. नय म्हणजे नदी. गावात तिला दुसरं नाव नाही. एका अंगाला द्रोणागिरीकडचे कंटेनर एकावर एक रचलेले, दुसऱ्या अंगाला तिवरांची झाडी, आणि मधे ओहोटीला उघडा पडणारा तो चिखल. भाद्रपद सरता सरता कुठून कुठून, बर्फाच्या मुलखातून पाखरं येतात आणि चैत्राच्या तोंडाशी परत जातात. वाकड्या लांब चोचीचे कोरल, लाल पायांचे टिवळे, गोट्यांसारखे घरंगळणारे चिखल्ये. गोटीराम त्यांना पाव्हने म्हणत.

त्यांची बघायची रीत ठरलेली होती. बांधाच्या टोकाशी उभं राहायचं, काठी पुढे रोवायची, मान डावीकडे कलती, तोंड किंचित उघडं. मग म्हणायचं, गप ऱ्हावा जरा. मागची सगळी शिकलीसवरलेली माणसं श्वास धरून उभी. मग काठी सावकाश उचलायची आणि सांगायचं, त्या अंगाला, लाल पायाचे, चालीस हायत. लगेच अकरा दुर्बिणी वर जात आणि कोणीतरी पुटपुटे, एक्केचाळीस. त्यावर गोटीराम म्हणत, एक आत्ता आयला असंल.

या मंडळींचे म्होरके श्यामसुंदर माने. वीज खात्यातून निवृत्त, मूळचे सांगलीकडचे, आता चौदाव्या मजल्यावर. त्यांच्या बगलेत कायम एक जाड वही. मनस्वीला त्यांचा आवाज पहिल्याच दिवशी आला होता: आधी नाकातून एक ‘ॲक्च्युअली’, मग घसा खाकरणं, मग सांगली. “ॲक्च्युअली... मामा, नजर म्हणायची का काय म्हणायचं ओ हे.”

आणि त्या कड्याची गोष्ट म्हणाल तर ती अशी. गोटीरामांनी कधीतरी कोणाकडून तरी ऐकलं होतं की परदेशातले लोक पाखरांच्या पायात कडी घालतात. तेव्हापासून ते दर रविवारी न चुकता सांगत, नीट बगा, एकाद्याच्या पायात कडं असंल. तीन हिवाळे नव्हतं. चौथ्या हिवाळ्यात गीतांजली नावाच्या डॉक्टरणीला, जिचा कॅमेरा तान्ह्या पोरासारखा दोन हातांत धरावा लागतो, खरंच एका टिवळ्याच्या पायात कडं सापडलं. तीन हिवाळ्यांचे नन्नाचे पाढे त्या क्षणी सगळे विसरले.

तर जानेवारीतला रविवार. तिथी द्वादशी. गोटीरामांचं गणित जुनं: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पाणी पुरं भरतं. द्वादशीचे नऊ. मानेकाकांच्या फोनात भरतीची वेळ मिनिटासकट असे, पण ते आधी गोटीरामांना विचारत, मग फोन बघत आणि “बरोब्बर” म्हणत. जणू परीक्षा फोनची होती. पाणी चढायला लागलं की चिखल गिळत पुढे येतं आणि त्याच्यापुढे पाखरं सरकत सरकत बांधाशी येतात. म्हणून सगळे सातलाच हजर. धुकं होतं. थंडी नवी मुंबईची, म्हणजे कानटोप्या जास्त आणि थंडी कमी.

आदल्या दिवशी कोणीतरी बांधाच्या आतल्या अंगाला पाइप टाकायला चर खणून ठेवला होता. छातीएवढा खोल. फीत नाही, पाटी नाही, कडेला साधे दोन दगडही नाहीत. गोटीरामांना त्या वाटेवरचा खडान् खडा पाठ होता. पण चर कालचा होता, तो पाठ व्हायचा होता.

सगळ्यांच्या पुढे चालणारी ती तपकिरी कानटोपी एका क्षणी होती, दुसऱ्या क्षणी नव्हती.

कोणी किंचाळायच्या आत खालून आवाज आला. भारदस्त, नेहमीचा, जरासुद्धा न हललेला. “हिकडं उतरा. सांबालून.”

आणि काय सांगावं, उतरले. अकराच्या अकरा. एक निवृत्त इंजिनीअर, एक डॉक्टर, दोन प्राध्यापक, गुडघे बदललेली एक बाई, सगळे हाताला हात देत त्या चरात उतरले आणि रांगेत उभे राहिले. गोटीरामांनी चराच्या भिंतीवरून हात फिरवला, बोटांना एक भोक लागलं आणि त्यांना तिथेच विषय सापडला. ही कुर्ल्यांची भोकं, तुमच्या खेकड्यांची. पाखरं हिकडं का येतात ते वरनं नाय समजत, खालनं समजतं. मानेकाकांनी वही उघडली आणि स्वतःशी मोठ्याने म्हणत लिहिलं: चिखलाच्या थरांचे प्रत्यक्ष उतरून निरीक्षण. तेवढ्यात बुडातून पाणी झिरपायला लागलं होतं. घोट्यापर्यंत आलं, तरी कोणी तक्रार केली नाही. उलट काका भारावून म्हणाले, “ॲक्च्युअली आपण कायम वरनंच बघतो बगा. हेच चुकतंय आपलं.”

मनस्वी एकटी वर राहिली होती. ती हसली नाही.

कारण पाय सुटला त्या वेळेला आणि तो भारदस्त आवाज आला त्या वेळेला, या दोहोंच्या मधे, तिने आणखी एक आवाज ऐकला होता. इतका बारीक की धुक्यात विरून गेला. “आये.” आईच्या कुशीतून पडलेल्या पोराने म्हणावं तसं. गोटी आजाचे सगळे आवाज तिच्याकडे होते: रागवायचा, मासळीचा भाव पाडायचा, झोपेतला. हा नव्हता. मुद्दाम उतरणारा माणूस ‘आये’ म्हणत नाही.

मग ती बघत राहिली, आणि जे दिसलं ते तिला नको होतं. चढायच्या वेळी गोटीराम चराच्या नको त्या भिंतीशी गेले, तिथे चाचपलं, मग मोठ्या मनाने म्हणाले की आदी तुमी चढा, मी म्हातारा मागनं येतो. आणि शेवटच्या प्राध्यापकाच्या पट्ट्याला धरून वर आले. प्राध्यापकाला वाटलं, मामा आपल्याला ढकलतायत. त्याने आभार मानले.

मंडळी पुढे जाऊन तिकाटण्यावरच्या दुर्बिणीभोवती गोळा झाली. गोटीराम काठीवर रेलून मागे थांबले. मनस्वी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. हातभर अंतरावर. अंगात स्वेटर असा लाल की बघून डंपर थांबावा. नेमकं धुकं फाटलं आणि ऊन सरळ त्यांच्या तोंडावर आलं. दोन्ही बुबुळांवर शहाळ्यातल्या मलईसारखी साय. हे डोळे तिने जन्मापासून पाहिले होते. त्यांच्यात मात्र आज पहिल्यांदा पाहिलं. ते तिच्यातून आरपार कुठेतरी बघत होते.

तिला काय सुचलं कोण जाणे. तिने सुमित्राबाईंचा, म्हणजे गोटीरामांच्या बायकोचा, आवाज काढला. “आवं, कानटोपी परत इसरलात ना.”

गोटीरामांचा हात डोक्याकडे गेला. “ही काय, डोक्यावरच तं हाय. तू कनाला आयलीस चिखलात? पडशील ना.”

हातभर अंतरावर. लाल स्वेटर. आणि नवरा बायकोला म्हणतोय, पडशील.

हा माणूस गेले तीन महिने तिला बोटाएवढ्या रुंद बांधावरून पुढे घालून नव्हे, मागे घेऊन नेत होता. दोन्हीकडे कंबरभर चिखल, वर चढतं पाणी. गुडघे बदललेली बाई मागे, डॉक्टरीण मागे. आणि सगळ्यांच्या पुढे कोणीच बघत नव्हतं.

“आजा,” ती आपल्या आवाजात म्हणाली, “मी हाय. मनस्वी.”

लांब चिखलात एक टिवळा तीनदा ओरडला. गोटीराम म्हणाले, म्हाइत हाय मना. मग काठी आडवी ठेवून बांधावरच बसले आणि एकेक सांगायला लागले.

पहिल्या वर्षी त्यांना वाटलं होतं, यंदा धुकं जास्त पडतंय. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, होळी झाली, एप्रिलातसुद्धा धुकं हलेना, तेव्हा समजलं. तोवर कानांनी काम अंगावर घेतलं होतं. टिवळ्याची हाक तिहेरी आणि उतरती. छोट्या कोरलाच्या शिट्या मोजून सात. किती पाखरं उठली हे पंखांवरून कळतं: पन्नास उठली तर ओला टॉवेल झटकल्यासारखं, दोनशे उठली तर गोधडी. पायांचा लाल रंग तेवढा आठवणीतला होता. पाय काय दर वर्षी रंग बदलत नाहीत.

मनस्वीने विचारलं, मग ऑपरेशन का नाही केलं. उरणला फुकट शिबिरं होतात, अर्ध्या तासाचं काम असतं.

गोटीराम खरोखर चकित झाले. “पाव्हने घरात असताना कोन हास्पिटलात जाऊन झोपतं काय?”

आणि पाहुणे गेले की? चैत्र-वैशाखात लग्नं. घरतांच्या घरातला मोठा माणूस हळदीला काळा चष्मा लावून बसला तर लोक काय म्हणतील? मग पाऊस. पावसात डोळा चिघळतो. मग गौरी-गणपती, आणि त्यांच्या पाठोपाठ परत पाहुणे. वर्ष असं गच्च भरलेलं.

पण खरी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली, खाली चिखलाकडे तोंड करून. मुलगा, कुंदन, याला हे कळलं तर तो बांधावर पाऊल ठेवू देणार नाही. ऑपरेशन झालं तरी नाही. जेसीबीचा धंदा करणारा माणूस, त्याच्या दृष्टीने चिखल म्हणजे भराव घालायची जागा. “मंग मी वट्यावं बसून काय आयकू? डीजे?”

मनस्वीने ठरवून टाकलं. आज घरी गेल्या गेल्या कुंदनकाकाला सांगायचं. तसं ती बोललीही. आजा, आज चर होता, उद्या खाडी असेल. आणि कानांचं एवढं काय कौतुक सांगता? आत्ता तर मला आजी समजलात.

हे गोटीरामांना लागलं. ते ताठ झाले.

“तुज्या आजीचं आयकून पन्नास वरसं झाली पोरी. मी आता आयकत नाय, नुसता हो बोलतो. पाखरांचं आयकतो मी. पाखरांत मना कोन फशिवनार नाय. तू बी नाय.”

झालं. नकलाकाराला असं बोलायचं नसतं. पैज तिथल्या तिथे लागली. मंगळवारी सकाळी मनस्वी तिवरांत लपणार. गोटीराम साठ पावलांवर बांधावर, हातात काठी, पुढ्यात तेलाचा रिकामा डबा. तिने खऱ्या पाखरांच्या मधे मधे दहा वेळा हाक मारायची, पाखरू कुठलंही. जिथे जिथे त्यांना तिचा आवाज वाटेल तिथे त्यांनी डबा वाजवायचा. दहातली एक जरी सुटली तरी येत्या शनिवारच्या शिबिरात नाव, आणि कुंदनच्या कानावर सगळं. दहाच्या दहा पकडल्या तर ती तोंड बंद ठेवणार, आणि वर गोटीराम मागतील ते देणार. काय मागणार, ते त्यांनी आधी सांगितलं नाही.

दोन दिवस मनस्वीने घर डोक्यावर घेतलं. गच्चीवर कोरल, न्हाणीत टिवळा. आईने विचारलं की नळाचा वॉशर गेलाय का. शेजारचं मांजर दोनदा छतावर चढून खाली उतरलं. तिला हरण्याची भीती नव्हती. उलट जिंकल्यावर म्हाताऱ्याचं तोंड कसं होईल, त्याचीच ती नक्कल आरशात करून बघत होती. मधेच तिला त्याचं तोंड नुसतं म्हाताऱ्याचं दिसे, आणि ती आरशापासून बाजूला होई.

मंगळवार. चतुर्दशी, म्हणजे पाणी साडेदहाला. उधाणाचं पाणी, जोरात चढणारं. पाखरं लवकरच बांधाजवळ आली होती. मनस्वी तिवरांच्या मुळ्यांत पाय रोवून बसली.

पहिली हाक तिने सोपी टाकली. चिखल्या.

टण, वाजला डबा.

दुसरी कोरलाची. लांबलचक, कापरी, तिची आवडती. टण. तिसरी टिटवीची, अगदी दबक्या आवाजात. टण. चौथीला तिने छोट्या कोरलाच्या शिट्या मारल्या आणि बांधावरून डबा तर वाजलाच, वर ओरडूनही आलं, “सातवी शिट्टी कोन मारनार, तुजा बाप?”

ती चिडली. पाचवी तिने एका खऱ्या टिवळ्याच्या हाकेला चिकटवून मारली, एकाच्या शेपटीला दुसरा. टण. आठवीपर्यंत तिच्या कानशिलांतून घाम यायला लागला होता. त्या म्हाताऱ्याने एकदासुद्धा खऱ्या पाखराला डबा वाजवला नव्हता. शेकडो हाका चालल्या होत्या. खऱ्यांना तो गप्प, तिच्यावर टण. नववी. टण.

दहाव्या हाकेसाठी तिने वाट पाहिली. टिवळा हा खाडीचा राखणदार. काही धोका दिसला की तो आधी ओरडतो आणि त्याचं ऐकून बाकीची सगळी उठतात. तशी हाक तिने तीन महिन्यांत दोनदाच ऐकली होती. ती तिने ओठांत धरून ठेवली होती, आत्तापर्यंत कधीच न काढलेली. तिने डोळे मिटले आणि ती सोडली.

आणि चिखल उठला.

सगळं. टिवळे, कोरल, चिखल्ये, लांब पायांचे शेकाटे, एकदम, चारशे-पाचशे पाखरं, गोधडी नव्हे, जणू मंडपाचं कापड वाऱ्याने फाटावं तसा आवाज. तिच्या डोक्यावरून ती गेली, तिच्या अंगावर चिखलाचे थेंब पडले, आणि पांढरी-तपकिरी वावटळ कंटेनरांकडे वळून पाण्यावर गेली. मनस्वीच्या तोंडाचा आ तसाच राहिला. तिने आजवर माणसं फसवली होती. आज बर्फाच्या मुलखातून वाट न चुकता येणारी पाखरं तिने फसवली होती.

बांधावर शांतता. एक, दोन, तीन. ती जिंकली होती. तिने उडी मारायला गुडघे वाकवले.

टण.

ती चिखल तुडवत बांधावर आली तेव्हा तिला रडू येत होतं की राग, तिलाच कळेना. पाखरंसुद्धा फसली आजा, ती म्हणाली, पाखरंसुद्धा.

“पाखरं फशली,” गोटीराम म्हणाले. “पन तू दुसऱ्या नि तिसऱ्या सुराच्या मदी दम घेतलास. टिवला दम घेत नाय. नि उगाच उठवलीस बिचारी, त्याचा दंड येगला.”

मनस्वी डब्याशेजारी मटकन बसली. हरली होती. दहाच्या दहा. आता तोंड बंद ठेवायचं आणि हा माणूस चैत्रापर्यंत रोज असाच लोकांना मागे घेऊन चालणार. तिने विचारलं, बोला, काय हवं?

“त्या शिबिराचं नाव कुठं द्यायचं असतं?”

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिची अशी चूक कधी होत नसे. आजा, तुम्ही जिंकलात, ती म्हणाली.

“जिकलो म्हनून तं मागतो.” ते काठीने डब्याची कड कोरत राहिले. “मी पडलो त्याचं काय नाय. माज्या मागं अकरा जनं उतरली. कोनी इचारलं पन नाय, मामा खाली काय हाय. रविवारपासनं तेच दिसतं मना. दुसरं काय दिसत नाय, तेवडं दिसतं.”

मग त्यांनी मागणं सांगितलं. एक डोळा, पंधरा दिवसांनी दुसरा, मग औषधं. दीड महिना धूळ नको, पाणी नको, म्हणजे बांध नको. आणि पाहुणे तर घरात. तेव्हा रोज सकाळी बांधावर जायचं मनस्वीने. चिखलात उतरायचं नाही, बांधावरून ऐकायचं. कोण आलं, कोण गेलं, कोण कोणावर ओरडलं. आणि घरी येऊन ओट्यावर उभं राहून ते सगळं जसंच्या तसं त्यांच्या कानात घालायचं. अंथरुणात लोळायचा एक दिवस नाही, रविवार नाही, परीक्षा नाही.

“पण मला तर तुम्ही नापास केलंत,” मनस्वी म्हणाली.

“मी केला. पाखरांनी पास केला ना? मना तेच बगायचं व्हतं.”

घरी पोचल्यावर पुढचे धक्के खायची पाळी गोटीरामांची होती. ओट्यावर उभं राहून त्यांनी घसा साफ केला आणि चार वर्षांचं गुपित एका दमात सांगून टाकलं. सुमित्राबाई तांदळाची भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वळवली नाही. चार वर्षं तुमच्या ताटातल्या मासळीचे काटे मी काढून देते, त्या म्हणाल्या, ते काय परेमानं व्हय? दर आठवड्याला बोलते, डोले दाखवा, डोले दाखवा. तुमी हो बोलता.

कुंदनने फक्त एवढंच विचारलं की शनिवारी गाडी किती वाजता काढायची. आणि दुसऱ्या दिवशी न बोलता जाऊन त्या चराच्या कडेला मोठे दगड लावून आला. बांधाचं तो काही बोलला नाही. मानेकाकांना सांगायला मनस्वीच गेली. काकांनी ‘ॲक्च्युअली’सुद्धा न म्हणता वही काढली, पान शोधलं आणि विचारलं की ते चरातलं निरीक्षण खोडावं का. मनस्वीने आजाकडून निरोप आणला: ऱ्हाऊ द्या, भोकं खरीच व्हती.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या सकाळी मनस्वी अंधुक उजेडात एकटी बांधावर उभी होती. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. तिने मान डावीकडे कलती केली, तोंड किंचित उघडं ठेवलं आणि गप्प राहिली. इतका वेळ गप्प राहायची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

साडेआठला ती घरी आली. गोटीराम ओट्यावर, काळा चष्मा लावून, मांडीवर चहाचा स्टीलचा पेला. तिने शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसे हात बाजूला सोडले आणि सुरुवात केली. आधी कोरल, दोन, लांब पाण्यावर. मग चिखल्यांची कुजबुज. छोट्या कोरलाच्या शिट्या, मोजून सात. गोटीराम हलले नाहीत. चष्म्याखालून एक थेंब गालावर आला; ते औषध असेल. मग तिने छाती भरून घेतली आणि टिवळ्याची ती तिहेरी हाक सोडली, उतरती, सलग, या वेळी अजिबात न तुटलेली, अशी तिची तरी खात्री होती.

गोटीरामांनी नखाने पेल्यावर टिचकी मारली.

टण.